पट्टी सुटली, डोळा पुन्हा 'आळशी'!

महाल (नागपूर), प्रतिनिधी - डोळ्यावरची पट्टी निघाली, तक्त्यावरच्या शेवटच्या ओळी मुलाने वाचल्या, म्हणजे 'आळशी डोळा' बरा झाला, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र, खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते. अमेरिकेतील बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचार यशस्वी ठरलेल्या आठ वर्षांखालील मुलांपैकी सुमारे २४ टक्के मुलांमध्ये उपचार थांबविल्यानंतर वर्षभरातच दोष परतला.

सवय मेंदूची

यामागील मुख्य कारण मेंदूत आहे. तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांतील मोठ्या फरकामुळे मेंदू एका डोळ्याच्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करतो. चांगला डोळा पट्टीने झाकून किंवा अॅट्रोपिनच्या थेंबांनी धूसर करून कमकुवत डोळ्याला कामाला लावले जाते. ही सक्ती उठली, की मेंदू जुन्या सवयीकडे वळू शकतो.

पट्टी कशी थांबविली, यालाही महत्त्व आहे. त्याच अभ्यासात रोजची सहा ते आठ तासांची पट्टी एकदम बंद केलेल्या ४२ टक्के मुलांत दोष परतला. आधी दोन तासांवर आणून मग बंद केलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. मुद्दाम दोन गट पाडून केलेली ही चाचणी नव्हती. त्यामुळे आकडे अंतिम नाहीत, दिशा मात्र स्पष्ट आहे.

तपासणीतील फट

मूल स्वतः तक्रार करीत नाही, हा यातील मोठा धोका. दुसऱ्या डोळ्याने त्याचे सारे निभावते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा, तर सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणीची तरतूद आहे. तपासणीनंतर दोनच महिन्यांत नजर उतरली, तर पुढची फेरी दहा महिन्यांनी! विनाअनुदानित शाळांतील मुलांना तर हाही आधार नाही.

महालवासीयांना मेयो रुग्णालय दूर नाही. प्रश्न अंतराचा नसून पाठपुराव्याचा आहे. पट्टी सुटल्यावर किमान वर्षभर ठराविक अंतराने दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत चष्म्याचा नियमित वापर, एवढे पथ्य पाळायलाच हवे. परतलेला दोष लवकर सापडला, तर बहुधा पुन्हा सुधारता येतो. वय वाढेल तसे ते कठीण होत जाते.