विश्लेषण : नव्या फोनचा मोशन सेन्सर चुकला तर दोष कुणाचा?

नवा फोन हाती आला की कॅमेरा, स्क्रीन, बॅटरी हे सारे पहिल्याच दिवशी तपासले जाते. फोन सरळ आहे की कललेला, हे ओळखणाऱ्या सेन्सरकडे मात्र कुणी पाहत नाही. कंपन्याही त्याची फारशी फिकीर करत नाहीत, हे ‘आयफोन ५एस’च्या उदाहरणातून दिसले होते. त्याला एक तप उलटून गेले, पण खोक्यावरची माहिती अजून तितकीच त्रोटक आहे.

‘५एस’मध्ये काय घडले?

हा फोन २० सप्टेंबर २०१३ रोजी बाजारात आला. त्याच्यासह ‘५सी’ धरून पहिल्या तीन दिवसांतच ९० लाख फोन विकले गेले. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. सपाट टेबलावर ठेवलेला फोन आपण दोन ते चार अंश कललो आहोत, असे सांगू लागला. त्याच टेबलावर जुना ‘आयफोन ५’ मात्र जवळपास शून्य दाखवत होता. फोन तिरका करून खेळायच्या मोटारशर्यतीत हात सरळ असूनही गाडी एका बाजूला जाऊ लागली. अखेर २२ ऑक्टोबरच्या ‘आयओएस ७.०.३’ अपडेटमध्ये ॲक्सेलेरोमीटरच्या कॅलिब्रेशनमधील त्रुटी दुरुस्त केल्याचे ॲपलने नमूद केले.

सेन्सर चुकतो कसा?

चिपच्या आत सूक्ष्म स्प्रिंगांवर सिलिकॉनचा एक कण टांगलेला असतो. फोन कलला की तो किंचित सरकतो आणि त्यामुळे बदलणारा विद्युतभार मोजून कोन काढला जातो. प्रत्येक कण शंभर टक्के सारखा बनत नाही. चिप पट्टीवर डकवतानाच्या उष्णतेने आणि ताणानेही ‘शून्य’ थोडे हलते. किती हलू शकते, ते चिप बनवणारी कंपनी तांत्रिक पत्रकात छापते. आधीच्या आयफोनमध्ये एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची चिप होती, ‘५एस’ उघडल्यावर त्यात बॉशची निघाली. पत्रकांनुसार पहिलीची सर्वसाधारण चूक गुरुत्वाकर्षणाच्या हजार भागांत २०, तर दुसरीची ९५. कोनाच्या भाषेत सांगायचे, तर एक अंश आणि साधारण पाच अंश.

मग चिप वाईट होती का?

नाही. पाच अंशांपर्यंत चूक असू शकते हे बॉशने लिहूनच दिले होते. अशी चिप निवडण्यातही गैर काही नाही, कारण ही चूक बहुतांशी कायम असते. प्रत्येक फोन ठरावीक स्थितीत ठेवून ती मोजायची आणि फोनच्या स्मृतीत नोंदवायची, की काम झाले. जी चूक महिनाभराने अपडेटने सुधारता आली, ती कारखान्यातून फोन बाहेर पडण्याआधी कुणाच्या लक्षात कशी आली नाही? प्रत्येक फोनमागे काही सेकंद जास्त लागले असते, एवढेच. लाखो फोनांच्या हिशेबात त्या सेकंदांचेही पैसे होतात हे खरे. पण ते वाचवायचे आणि तपासणीचे काम पूर्ण किंमत मोजणाऱ्या ग्राहकावर टाकायचे, ही गुणवत्ता नियंत्रणाची अजब रीत आहे.

दोन-चार अंशांनी बिघडते काय?

पावले मोजण्यात काही नाही, कारण तिथे फक्त हिसके मोजले जातात. भिंतीवर फळी ठोकायची असेल, तर मात्र दोन अंशांचा फरक लांबूनही दिसतो. केवळ या सेन्सरवरून फोन किती सरकला हे काढायचे झाले, तर अवघी २० भागांची चूकही दहा सेकंदांत दहा मीटरच्या घरात जाते, कारण चूक वेळेच्या वर्गाने वाढते.

आपला फोन कसा तपासावा?

गवंडी नवी पाणसळ पारखतो तसा. एकदा ठेवायची, मग उलट फिरवून त्याच जागी ठेवायची. फोनचे कव्हर काढा आणि जाड पुस्तकावर, कॅमेऱ्याचा उंचवटा कडेबाहेर राहील असा तो ठेवा. लेव्हलच्या ॲपमधला कल पाहा. मग फोनची दिशा उलटी करून, उंचवटा समोरच्या कडेबाहेर जाईल असा ठेवून पुन्हा पाहा. पुस्तक किंवा टेबल तिरके असेल, तर कल आता फोनच्या दुसऱ्या कडेकडे दिसेल. दोन्ही वेळा तो त्याच कडेकडे आणि तितकाच दिसला, तर चूक सेन्सरची.

तक्रार कुठे करावी?

आधी सिस्टीम अपडेट करून पाहा. काही फोनांच्या सेटिंगमध्ये कॅलिब्रेशनची सोय असते, तीही वापरा. तरीही फरक न पडल्यास दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि जॉबशीटवर तक्रार लिहून घ्या. ‘सेन्सर आहे, चालतोय’ एवढ्या उत्तरावर परतू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूच्या गुणवत्तेतील उणिवेचाही दोषाच्या व्याख्येत समावेश आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन ऑनलाइन घेतला असेल, तर बदलून मिळण्याची मुदत बहुधा मोजक्याच दिवसांची असते. त्यामुळे ही पुस्तकावरची तपासणी पहिल्याच दिवशी केलेली बरी.