एकाचें पथ्य, साऱ्या घराचें ताट

मधुमेहाविषयीं बोलणें निघालें म्हणजे आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो आंकड्याचा. उपाशीपोटीं साखर किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, याची चर्चा मोठ्या हिरीरीनें चालते. आंकडा पाहिला पाहिजे, यांत शंका नाहीं. परंतु ज्याला हा रोग जडला आहे त्याचे दिवस कसे जातात, हें क्वचितच कोणी विचारतो. आज आम्ही तेंच विचारणार आहों.

हा रोग आतां परका राहिलेला नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांतील प्रौढांपैकीं शेंकडा ११.४, म्हणजे सुमारें दहा कोटी माणसें मधुमेही आहेत. 'तो लठ्ठ माणसांचा रोग' ही समजूतहि खरी नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं आपली व आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना २००४ सालीं प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३, पण अंगांतील चरबी युडकिनांची शेंकडा ९.१, तर याज्ञिकांची २१.२! तेव्हां जळगांव-धुळ्याकडील सडपातळ गृहस्थानेंहि आपण सुरक्षित आहों असें मानूं नये.

जागतिक आरोग्य संघटना माणसाच्या जीवनाचा दर्जा पाहतांना शरीर, मन, आप्तेष्टांशीं संबंध आणि सभोंवतालची परिस्थिति अशीं चार अंगें विचारांत घेते. औषधाची धांव मुख्यतः पहिल्या अंगापर्यंत. उरलेलीं तीन बव्हंशीं घराच्या हातीं आहेत, आणि एकत्र कुटुंबांत तर विशेषच.

प्रथम पंगतीचेंच पाहा. आखाजीला घरोघर आमरस व मांडे होतात. सर्वांच्या वाट्या भरतात, आणि मधुमेही काकांच्या पानावर मात्र एक कोरडी भाकरी व दहा जणांचा उपदेश वाढला जातो. "काका, तुम्हांला हें चालायचें नाहीं हं!" हें वाक्य प्रेमाचेंच; पण दिवसांतून पांच वेळां ऐकणाऱ्यास तें शिक्षेसारखें वाटूं लागतें. मग माणूस चोरून खातो, किंवा पंगतच टाळूं लागतो. दोहोंतहि नुकसान त्याचेंच.

वास्तविक खानदेशाच्या स्वयंपाकांतच उत्तम पथ्य आहे. वांग्याचें भरीत, कळण्याची भाकरी, मेथीची भाजी, उसळ व ताक हें ताट मधुमेह्यास मानवणारें आणि निरोग्यासहि हितकर. तेल मात्र हात राखून घालावें. तेंच साऱ्या घरानें रोज घेतलें, तर कोणाचें पान वेगळें मांडावें लागणार नाहीं. सणाच्या दिवशीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें भात-पोळी कमी करून दोन चमचे रस घेण्यास बहुधा हरकत नसते. आपल्या प्रसिद्ध केळ्याचेंहि तसेंच. प्रश्न मापाचा आहे.

आतां अधिक अवघड गोष्ट. घरचा कर्ता पुरुष मधुमेही असला म्हणजे सारें घर त्याची वेळ सांभाळतें. सासूबाई किंवा सूनबाई मधुमेही असली तर? तिची गोळी सकाळीं आठला होते, आणि सर्वांचें वाढून होईतों तिचें जेवण दोनला! त्यांत एकादशी, चतुर्थी, सोमवार. उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतेक सारें पिष्टच. तिनें साखर झरझर वाढते. उलट कांहीं गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन निर्जळी राहिल्यास साखर एकाएकीं उतरते. घाम, थरथर, भोवळ, विनाकारण चिडचिड हीं तिचीं लक्षणें. त्या चिडचिडीला स्वभाव म्हणूं नये. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून लगेच पाजावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं न घालतां तांतडीनें डॉक्टर गांठावा. घरांतील पोरासोरांनाहि एवढें ठाऊक हवें. मधुमेही गृहिणीनें वेळेवर, प्रसंगीं सर्वांच्या आधीं जेवणें हा धर्मलोप नव्हे. तें तिचें औषधच आहे.

आमच्याकडील हवाहि विचारांत घ्यावी. वैशाखांत पारा ४५ अंशांजवळ जातो, आणि त्या उष्म्यानें इन्शुलिन निकामी होतें. न उघडलेली बाटली शीतकपाटांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. वीज नसेल तेथें ती घट्ट झांकणाच्या डबींत घालून मातीच्या माठाच्या गारव्यांत ठेवतां येते. या रोगानें पायांची संवेदना मंदावते, म्हणून तापल्या भुईवर अनवाणी चालूं नये. चैत्रांत सप्तशृंगगडास पायीं जाणारांनीं हें ध्यानीं ठेवावें. पादत्राण घातल्यानें देवी रागावत नाहीं.

शेवटीं मुलींविषयीं. १९२१ सालीं टोरांटो येथें इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वीं मधुमेही बालकें थोड्याच काळांत दगावत. आज तींच मुलें शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. तरीहि कित्येक घरें मुलीचा रोग लग्न जमेपर्यंत लपवितात. मग सासरीं ती बिचारी न्हाणीघरांत दडून सुई टोंचून घेते, वा टोंचतच नाहीं. रोगापेक्षां हें लपविणेंच तिचे प्राण अधिक धोक्यांत घालतें. बोलणीं करतांनाच खरें सांगावें, आणि वरपक्षानें तें शांतपणें ऐकावें.

आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. आपल्या घरांतील मधुमेही माणसाला आज आंकडा विचारण्यापूर्वीं "तुम्हांला कसें वाटतें?" असें विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जवळ बसा. उद्यांपासून त्याच्या पानांत जें वाढाल, तेंच स्वतःच्याहि पानांत वाढून घ्या.