पंप रंग फेकत नाही? आधी बादलीकडे पाहा

गोदामे, लोखंडी शेड आणि उंच इमारती यांचे रंगकाम घेणारे कारागीर बांधव पेट्रोल इंजिनावर चालणारा हायड्रॉलिक स्प्रे पंप वापरतात. साइटवर वीज नसली तरी काम अडत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु पंप बिघडला की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. इंजिन चांगले धडधडत असते, रंग मात्र येत नाही. आणि मेकॅनिक येऊन खोलतो ते इंजिनच! बिल होते, दिवस बुडतो, पंप तसाच. आमच्या मते शोध घेण्याची ही दिशाच उलटी आहे.

या यंत्रात इंजिन बहुधा पट्ट्याने तेलाचा पंप फिरवते, तेलाच्या दाबाने दांडा वरखाली होतो आणि तो दांडा रंगाचा पंप चालवतो. खडे, वाळलेली साय, घट्ट रंग हे सारे फक्त शेवटच्या भागात जाते. तेव्हा तपास बादलीपासून सुरू करावा.

दांडा भराभर वरखाली होतो पण रंग चढत नाही, तर सक्शनची जाळी चोंदली आहे, नळीचा जोड सैल होऊन हवा ओढतो आहे किंवा तळाची गोळी वाळलेल्या रंगाने चिकटली आहे. दांडा हलतच नसेल तर तेलाची पातळी, पट्टा आणि दाबाचे बटण पाहावे. पंपात रंग वाळून बसला असेल तरीही असेच होते.

एक परीक्षा प्रत्येकाने शिकून घ्यावी. पंपात रंग भरून दाब चढवावा आणि गनचा घोडा सोडावा. दांडा जागच्या जागी थांबला पाहिजे. तो वर सरकत राहिला तर पिस्टनची गोळी किंवा पॅकिंग झिजले; खाली सरकत राहिला तर तळाचा व्हॉल्व्ह गळतो. दोन मिनिटांत दोष कळतो आणि हजारोंचा पंप बदलण्याऐवजी गोळी-पॅकिंगवर काम भागते.

टिपकडेही लक्ष असावे. ५१७ नंबरची टिप म्हणजे बारा इंचांवरून सुमारे दहा इंचांचा पट्टा आणि एक इंचाच्या सतरा हजारांशाचे छिद्र. छिद्र झिजले की पट्टा अरुंद होतो, रंग जास्त जातो आणि दाब टिकत नाही. टिपचे पैसे वाचवणारा ठेकेदार ते रंगात घालवतो.

काहीही खोलण्यापूर्वी इंजिन बंद करावे, दाब पूर्ण कमी करावा, गनचा घोडा बादलीत दाबून उरलेला दाब काढावा, प्राइमचा व्हॉल्व्ह उघडावा आणि गनला लॉक लावावे. या पंपाचा दाब दर चौरस इंचाला ३००० पौंडांवरही जातो. चोंदलेली टिप बोटाने पुसताना रंग कातडीत घुसला तर बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखे दिसते. कारागीर फडके बांधून पुन्हा कामाला लागतो आणि पुढे बोट कापावे लागण्याची पाळी येते. अशी जखम झाली की दुखत नसले तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि रंगाचा डबा सोबत न्यावा.

आता मालकांना दोन शब्द. संध्याकाळी कामगाराला घरी जायची घाई असते, कारण पंप धुण्याच्या अर्ध्या तासाची मजुरी त्याला कोणी देत नाही. मग पंप अर्धवट धुतला जातो आणि सकाळी गोळी चिकटते. दोष मात्र कामगाराच्या माथी! ही मजुरी कोटेशनमध्येच धरली पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते. ऑइल पेंटनंतर टर्पेंटाइन आणि प्लास्टिक इमल्शननंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत पंप चालवावा, जाळ्या ब्रशने घासाव्यात आणि दांड्याच्या नटात तेलाचे चार थेंब सोडावेत.

जुना पंप विकत घेणाऱ्यांनी वर सांगितलेली दांड्याची परीक्षा विक्रेत्यासमोर पाण्यावर करून पाहावी आणि मगच भाव बोलावा.