सायकलवरचा वारा आणि न कळणारे ऊन

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडताना पांढुरका, सुरकुतलेला चट्टा पडलेले फळ बाजूला टाकले जाते. झाडाची पाने झडली, फळ उघडे पडले आणि त्यावर थेट ऊन आले की असा चट्टा पडतो, हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. द्राक्षाच्या घडावर पानांची सावली किती राखायची, याचाही तो नेमका विचार करतो. मात्र त्याचीच मुलगी एप्रिलच्या दुपारी शाळेतून सायकलवर घरी येते, तेव्हा तिच्या हातांवर आणि मानेवर पडणाऱ्या उन्हाचा विचार सहसा कोणी करत नाही. ‘ऊन लागणे’ म्हणजे चक्कर, ताप, उलटी, एवढाच अर्थ घरोघरी धरला जातो. त्वचेला लागणारे ऊन निराळे असते आणि सायकलवर ते हमखास फसवते.

फसवते ते वाऱ्यामुळे. सूर्याची उष्णता अंगाला जाणवते, पण त्वचेला इजा करणारे अतिनील किरण जाणवत नाहीत. ते ना गरम लागतात, ना टोचतात. पायी चालणाऱ्याला निदान उकाडा सावध करतो आणि तो झाडाखाली थांबतो. सायकल चालू असली की समोरून वारा लागतो, घाम सुकतो, हात थंड राहतात. ऊन फारसे नाही असे वाटते आणि माणूस तासभर उघड्यावर राहतो. त्वचेची आग सुरू होते ती काही तासांनी, घरी आल्यावर. सावळ्या त्वचेवर लाली उठून दिसत नाही. त्यामुळे रात्री खांदे चुरचुरले, तरी दोष दप्तराच्या पट्ट्यांना दिला जातो.

आता वेळेचे पाहू. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर लावलेली आहेत. जुन्नर, घोडेगाव, मंचर त्याच्या बरेच पश्चिमेला आहेत. त्यामुळे येथे एप्रिल-मेमध्ये खरी मध्यान्ह बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास होते. दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी सुमारे ६० टक्के मध्यान्हीच्या आगेमागे दोन-दोन तासांत येतात, म्हणजे इथल्या घड्याळात साडेदहा ते अडीच या वेळेत. २०२५ च्या मार्चअखेर शिक्षण विभागाने उन्हामुळे राज्यभर सकाळच्या शाळेचे वेळापत्रक लावले : प्राथमिक ७ ते ११.१५, माध्यमिक ७ ते ११.४५. वर्गातल्या उकाड्यापुरता निर्णय योग्यच होता. पण सायकलवर पाच-सहा किलोमीटर जाणारी नववीतली मुलगी थंड हवेत शाळेत पोहोचते आणि परत निघते ती नेमक्या भर मध्यान्हीला. वेळापत्रक ठरवताना वर्ग डोळ्यांसमोर होता, घरचा रस्ता नव्हता.

हे किरण किती तीव्र आहेत ते सांगण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने अतिनील निर्देशांक ठरवला आहे. तो ३ किंवा त्याहून जास्त असला की त्वचा झाकावी आणि ११ च्या पुढे गेला की अतितीव्र समजावा, असा संकेत आहे. महाराष्ट्रात उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी तो ११ ओलांडतो. मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावर हा आकडा बहुधा दिसतो, पण लोक तापमान पाहून पान बंद करतात. मोबाइल नसला तरी अडत नाही. स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन त्वचेला लागण्याजोगे झाले, एवढी खूण पुरते.

नुकसान किती, हे मात्र वाढवून सांगू नये. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे नैसर्गिक संरक्षण आहे आणि गोऱ्या वर्णाच्या लोकांच्या देशांशी तुलना केली, तर भारतात त्वचेचा कर्करोग पुष्कळ कमी आढळतो. परदेशी जाहिरातींतली भीती जशीच्या तशी इथे आणण्याचे कारण नाही. पण मेलॅनिन म्हणजे चिलखत नव्हे. गालांवरचे वांग उन्हाने गडद होतात, त्वचा लवकर जून होते. डोळ्यांचे नुकसान तर त्वचेच्या रंगावर अवलंबून नाही. मोतीबिंदू आणि बुबुळावर सरकणारा मांसाचा पडदा, या दोन्हींशी वर्षानुवर्षांच्या उन्हाचा संबंध आहे. आयुष्यभर सायकलवर दूध घालणाऱ्या किंवा शेतावर जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा भाग सर्वांत मोठा ठरतो. गांधी टोपीने डोके झाकते, पण तिला कड नसल्याने डोळे, नाक, कान सगळे उघडेच राहते.

उपाय म्हटला की लोक थेट क्रीमकडे वळतात. पहिला उपाय कपडा आहे, आणि तोही कोणता हे महत्त्वाचे. उन्हाळ्यात पातळ पांढरा सुती कपडा बरा, हा समज हवेशीरपणापुरता खरा आहे. असा कोरडा कपडा अतिनील किरणांचा पाचवा ते सातवा हिस्सा आत सोडतो आणि घामाने भिजला की आणखी जास्त. घट्ट विणीचा, थोडा गडद, पूर्ण बाह्यांचा शर्ट कितीतरी सरस. हँडल धरले की हातांचे पृष्ठभाग आणि कोपराखालचा भाग सरळ आकाशाकडे होतो, म्हणून बाही मनगटापर्यंत हवी. वाकून चालवणाऱ्यांची मान उघडी पडते. हेल्मेटच्या फटींतूनही ऊन येते, त्यामुळे आत पातळ टोपी किंवा रुमाल बांधावा.

पुणे जिल्ह्यातल्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात त्याची बरीच थट्टा झाली आहे. त्वचेच्या दृष्टीने त्या बरोबर आहेत. दुहेरी गुंडाळलेला स्कार्फ घाईघाईत फासलेल्या क्रीमपेक्षा जास्त भरवशाचा आहे, तो घामाने वाहून जात नाही. फक्त टोक आत खोचलेले हवे. चाकात किंवा साखळीत अडकलेली ओढणी उन्हापेक्षा धोकादायक आहे.

जे कपड्याखाली येत नाही त्यासाठी सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असा उल्लेख, एवढे पाहून घ्यावे. नाव किंवा किंमत पाहून नव्हे. चूक होते ती प्रमाणात. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतके लागते, लोक त्याच्या चौथाईवर भागवतात. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे, लांबच्या फेरीत दोन तासांनी पुन्हा. चंदनाचा किंवा हळदीचा लेप त्याची जागा घेत नाही.

याहून वाईट चूक म्हणजे काळवंडलेला चेहरा उजळावा म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी मैत्रिणीने सांगितले म्हणून ती आणली जातात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, मुरुम येतात, केस वाढतात आणि थोडे ऊनही सोसेनासे होते. सायकलवर रोज उन्हात जाणाऱ्या मुलीला याहून उलटा उपाय सापडणार नाही.

पावसाळी सहलींबद्दल दोन शब्द. माळशेज, नाणेघाट, भीमाशंकरकडे येणाऱ्या सायकलस्वारांना ढग म्हणजे सुटका वाटते. दाट काळे ढग बरेच किरण अडवतात, विरळ ढगांतून मात्र ९० टक्क्यांपर्यंत किरण खाली येऊ शकतात. शिवाय जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मेच्या मध्याप्रमाणेच, सूर्य या तालुक्यांच्या बरोबर डोक्यावर असतो.

सहलीला येणारा आपली वेळ निवडू शकतो, सातला निघून दहाच्या आत मुक्कामी पोहोचू शकतो. शाळेची मुलगी तसे करू शकत नाही. तिच्यासाठी मुख्याध्यापक आणि शाळा समितीने ठरवण्याजोग्या गोष्टी आहेत : गणवेशाला पूर्ण बाह्यांची मुभा, मुलग्यांना अर्ध्या चड्डीऐवजी पूर्ण पँट, शाळेत येता-जाता कडेच्या टोपीला परवानगी. यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत. सावलीला मात्र लागतात, आणि वर्षेही. पुणे-नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. मंचर-नारायणगावकडे सायकलने येणारी मुले आज तो पट्टा उघड्यावरून पार करतात. निदान वाड्या-वस्त्यांपासून शाळेपर्यंतच्या आतल्या रस्त्यांवर ग्रामपंचायतींनी या पावसाळ्यात वड, चिंच, कडुनिंब लावले आणि दोन उन्हाळे टँकरने जगवले, तर आज पहिलीत असलेली मुलगी नववीत जाईपर्यंत त्यांची सावली रस्त्यावर पडू लागेल.