‘स्वखुशीने’ हा शब्द टंकणारी बाई

वकिलांची आत्मचरित्रे आपण वाङ्मय म्हणून वाचतो. त्यांच्याच कचेरीतल्या कारकुनाने वा टंकलेखिकेने गावाविषयी काही लिहिले, की ते ‘अनुभवकथन’ ठरते. या भेदात वाङ्मयीन निकष किती आणि पदाची उतरंड किती, हे एकदा तपासायला हवे.

एका विद्यार्थिनीने आईच्या अशा आठवणी प्रकल्पासाठी आणल्या. आई तालुक्याच्या गावी वकिलाकडे टंकलेखन करते. एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला (आधी लग्न झालेल्यांना वगळून), केंद्राने २००५ साली. तरी हक्कसोडपत्र करायला बहिणी येतच राहतात. ही ‘स्वखुशीने’ हा शब्द टंकते, तेव्हा समोरच्या बाकावरची बाई भावाकडे पाहत असते. माहेर तुटायला नको. आठवडी बाजारात तीच बाई हिला भेटते आणि नजर चुकवते. वकिलाच्या आत्मचरित्रात जिंकलेले दावे असतात. ही चुकवलेली नजर तिथे कुठून येणार? आणि ग्रामीण वास्तवावर चर्चासत्रे तर आपण भत्त्यासह भरवतो!

आमच्या विभागाने ‘रचनेचा अभाव’ असा शेरा मारून तो प्रकल्प परत केला. शेऱ्याखाली माझीही सही आहे.