हसण्याने हार्ट अटॅक टळतो का?

'रोज हसा, हार्ट अटॅक टाळा' असे मेसेज तुम्हालाही येत असतील. त्यामागे एक खरा अभ्यास आहे. ऑगस्ट 2023 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या हृदयरोग परिषदेत ब्राझीलच्या डॉक्टरांनी तो मांडला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 26 रुग्णांपैकी एका गटाला 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा विनोदी कार्यक्रम दाखवले, तर दुसऱ्याला माहितीपट. विनोदी गटाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे 10 टक्क्यांनी वाढली.

पण रुग्ण अवघे 26! अटॅक टळतो, असे यातून सिद्ध होत नाही. त्यामुळे गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अटॅकनंतर घरात बोलणे उरते ते पथ्य, रिपोर्ट आणि औषधांच्या वेळा एवढेच. रुग्ण माणसांत असूनही एकटा पडतो, आणि एकटेपणा व नैराश्य हृदयालाही घातकच. तुमच्या घरातली पूर्वीची थट्टामस्करी पुन्हा सुरू होऊ द्या. बायपास नुकतीच झाली असेल, तर हसताना छातीशी उशी घट्ट धरा; दुखणे कमी होते. रुग्ण दोन आठवडे उदासच असेल, तर मात्र विनोद सांगत बसू नका, डॉक्टरांना सांगा.