बिऱ्हाडकरूला विसरलेले गृहधोरण

‘घर पाहावे बांधून’ ही आपल्या पूर्वजांची उक्ती. स्वातंत्र्योत्तर शासनकर्त्यांनीही ती शिरोधार्य मानली असावी. कारण आपल्या गृहधोरणाचा सारा भर घरे बांधण्यावर राहिला. बांधलेल्या घरात राहणार कोण, हा प्रश्न मागे पडला.

केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२मध्ये शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख सांगितली. या आकड्याच्या अंतरंगात शिरले की वेगळेच चित्र दिसते. त्यात प्रत्यक्ष बेघर कुटुंबे जेमतेम तीन टक्के. सुमारे ८० टक्के कुटुंबे दाटीवाटीने राहणारी. त्याच सुमारास, २०११च्या जनगणनेत, शहरांतील १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली! एकीकडे एका खोलीत तीन पिढ्या, दुसरीकडे कुलूपबंद सदनिका. हा केवळ विटा-सिमेंटचा तुटवडा म्हणायचा काय?

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. हेतू भाडेकरूच्या रक्षणाचा. पण भाड्यातून डागडुजीही भागेना, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. गिरणी कामगाराला आणि कारकुनाला पहिला आसरा देणाऱ्या चाळींची परंपराच खुंटली.

२०१५च्या प्रधानमंत्री आवास योजनेतून शहरांत ९० लाखांहून अधिक घरे उभी राहिली, ही कामगिरी निःसंशय मोठी. परंतु मंजुरीतील निम्म्याहून अधिक वाटा स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांचा. ज्याच्याजवळ वीतभर जागा नाही, त्याने काय करावे? २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी घराच्या अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली, तंट्यांच्या निवाड्यासाठी ६० दिवसांची मुदत सुचवली. मालक आणि भाडेकरू दोघांनाही आश्वस्त करणारी ही चौकट; पण विषय राज्यांचा, आणि पावले उचलली ती मोजक्याच राज्यांनी. २०२४मध्ये मंजूर झालेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान मिळाले, हे स्वागतार्ह. ही घरे कामाच्या ठिकाणाजवळ हवीत; अन्यथा दूरच्या माळरानावर आणखी कुलपांची भर पडेल.

नोकरीच्या गावी नवे बिऱ्हाड थाटणाऱ्या दांपत्याला आयुष्यभराच्या कर्जाआधी हवे असते निर्धास्त छप्पर आणि म्हाताऱ्या आईवडिलांपुरती एक खोली. ती मिळेना, की कुटुंब विखुरते. घरांची मोजणी करणाऱ्या शासनाने या विखुरलेल्या कुटुंबांचीही नोंद घ्यावी.